खिडकी आणि आंतली खोली

मेहरूणच्या तळ्याकांठीं फिरावयास येणाऱ्या पेन्शनर मंडळींत हल्लीं म्युच्युअल फंडाची चर्चा फार. १९६४ पासून हा धंदा एकट्या युनिट ट्रस्टकडे होता. १९८७ सालीं स्टेट बँकेचा फंड त्यांत उतरला. त्याच फंडानें फेब्रुवारी २०२५ मध्यें दरमहा अवघ्या २५० रुपयांचा हप्ता काढला. ही कल्पना आम्हांस मनापासून आवडली. दूधवाल्यासही मोठ्या उद्योगांत भागीदार होतां येतें.

परंतु ठेव मोडावयास आलेल्या वृद्धेचें घर, तिचें दुखणें, हें ठाऊक असतें खिडकीवरील कारकुनास. आणि फंड विकणारा अधिकारी बसतो आंतल्या खोलींत, महिन्याच्या आंकड्याकडे डोळे लावून. दोघांनीं एकमेकांस विचारलें, तर तिचा औषधपाण्याचा पैसा ठेवींतच राहील, उरेल तोच फंडांत जाईल. बँकेंत घेतला म्हणून फंड ही ठेव नव्हे. ठेवीवरील ५ लाखांपर्यंतचें विम्याचें संरक्षण त्यास नाहीं. २००१ च्या जुलैंत ‘युनिट ६४’ ची परतखरेदी थांबली, तेव्हां सरकारी नांवावर विसंबलेल्या घरांची झोप उडाली होती. असें स्पष्ट सांगणारा कारकून धंदा बुडवितो, असें कित्येक वरिष्ठांस वाटतें. आमच्या मतें तोच तो वाढवितो. बाजार पडला तरी त्याचें गिऱ्हाईक घाबरून हप्ता मोडावयास धांवत नाहीं.