थर्मोस्टॅट नंतर, ज्योतीची सुरक्षा आधी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटा यांनी बेंगळुरूत रेशीम प्रक्षेत्र उभारले. ‘टाटा सिल्क फार्म’ हे तेथील वस्तीचे नाव त्याची आठवण आजही जपून आहे. आज केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालयही याच शहरात आहे. सुमारे ९०० मीटर उंचीवरील येथील सौम्य हवामान रेशीम कीटकाला मानवते. तरीही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५-१६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि संगोपनगृहाला ऊब द्यावीच लागते. जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांत थंडीच्या लाटेत तापमान १० अंशांच्याही खाली जाते. तेथील रेशीम उत्पादकाची अडचण अर्थातच अधिक तीव्र असते.

रेशीम कीटक शीतरक्तीय आहे. त्याची पचनक्रिया, वाढ आणि कात टाकण्याचा काळ हे सर्व भोवतालच्या तापमानावर चालते. पहिल्या अवस्थेत सुमारे २८ अंश, दुसऱ्या अवस्थेत २७ अंश आणि पुढे उतरत जाऊन पाचव्या अवस्थेत २४ अंश तापमान त्याला अनुकूल ठरते. थंडीत कीटक पाने कमी खातात, पिकाचा कालावधी लांबतो आणि वाढ असमान होते. त्यामुळे तापमान एका मर्यादेत स्थिर राखण्याचा आग्रह शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. मात्र प्रशिक्षणवर्गातून शेतकऱ्यापर्यंत अंशांचा आकडा पोहोचतो. तो सुरक्षितपणे कसा साधावा, हे पोहोचत नाही.

ही उणीव मग घरगुती कल्पकता भरून काढते. कुक्कुटपालनातील जुने ब्रूडर किंवा कार्यशाळेतून निवृत्त झालेला गॅस हीटर स्वस्तात मिळतो. बाजारात तापमान नियंत्रक आणि विजेवर उघडमीट करणारी झडपही सहज मिळते. ही झडप गॅसच्या नळीत बसवली की हीटर ‘स्वयंचलित’ झाला, असे मानले जाते. खरी चूक येथेच होते. थर्मोस्टॅट तापमान ओळखतो; ज्योत पेटलेली आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

हाताने पेटवलेल्या साध्या हीटरचे उदाहरण घेतल्यास धोका स्पष्ट होतो. खोली तापली की नियंत्रक झडप मिटतो आणि ज्योत विझते. खोली थंड झाली की झडप पुन्हा उघडते, पण गॅस पेटवायला तेथे कोणी नसते. कायम तेवणारी पायलट ज्योत असली, तरी वाऱ्याच्या झोताने ती विझू शकते. भारनियमनामुळे रात्री वीज जाऊन पहाटे परतली, तर झडप आपोआप उघडून न जळालेला गॅस खोलीत भरू लागतो. एलपीजी हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेले की दिव्याच्या बटणाची किंवा नियंत्रकातील रिलेची ठिणगीही स्फोटास पुरते. अनेक ठिकाणी रात्रीच्या खाद्यासाठी घरातील माणूस संगोपनगृहातच झोपतो, हे येथे विसरता कामा नये.

यावरील उपाय जुना आणि भरवशाचा आहे. पायलट ज्योतीत ठेवलेला तापयुग्म, म्हणजेच थर्मोकपल, उष्णतेमुळे काही मिलिव्होल्ट वीज निर्माण करतो आणि तीच वीज सुरक्षा झडप उघडी धरते. ज्योत विझली की तापयुग्म थंड होतो आणि साधारण मिनिटभरात झडप मिटते. या रचनेला बाहेरच्या विजेची गरज नसते. जोडणीचा क्रमही निश्चित आहे: सिलिंडर, रेग्युलेटर, ज्योत-सुरक्षा झडप आणि त्यानंतरच थर्मोस्टॅटची झडप. पायलटची नळी या दोन झडपांच्या मधून निघावी. म्हणजे मुख्य ज्योत बंद असतानाही पायलट तेवत राहते आणि पायलट विझल्यास सर्वच गॅस बंद होतो. पाण्यासाठी किंवा हवेसाठी बनवलेली झडप गॅसला कधीही वापरू नये. तापमान संवेदक कीटकांच्या रॅकच्या उंचीवर, ज्योतीच्या थेट आचेपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर असावा. सिलिंडर खोलीबाहेर ठेवावा आणि गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून नव्हे.

ज्योत सुरक्षित झाली तरी हवेचा प्रश्न उरतो. १ किलो एलपीजी जळताना सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन खर्च होतो. त्यातून सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. रात्रभरात ४ किलो गॅस जळाला, तर बंद खोलीत ६ लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने मिसळते. थंड भिंतींवर आणि पत्र्यावर ही वाफ दवासारखी साचते. पाचव्या अवस्थेत ६५ ते ७० टक्के आर्द्रता अपेक्षित असताना असा ओलावा मस्कार्डीनच्या बुरशीला आमंत्रण ठरतो. ऑक्सिजन कमी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो. ऊब टिकावी म्हणून सर्व झरोके बुजवणे कीटकालाही घातक आहे आणि माणसालाही. खालून ताजी हवा येण्यास आणि वरून दूषित हवा जाण्यास वाट हवीच.

इतका खर्च लहान शेतकऱ्याला कसा परवडावा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु जुना हीटर सुधारणे हाच स्वस्त मार्ग आहे, हे गृहीत तपासून पाहावे लागेल. चॉकी संगोपन केंद्रातून दुसरी कात टाकलेले कीटक आणले, तर सर्वाधिक ऊब लागणारे दिवस शेतकऱ्याच्या शेडमध्ये येतच नाहीत. छताखाली उष्णतारोधक थर आणि रात्री जाड पडदे यांनी इंधनाची गरज घटते. चॉकीच्या लहान खोलीसाठी थर्मोस्टॅटयुक्त विजेचा हीटर अधिक सोयीचा आहे. त्यात ज्वलन नाही आणि वीज परतल्यावर गॅस साचण्याची भीतीही नाही. मोठ्या शेडसाठी गॅस अपरिहार्य असेल, तर ज्योत-सुरक्षा झडप मुळातच असलेला हीटर घ्यावा. ज्या हीटरच्या रचनेत ती नाही, त्याला थर्मोस्टॅट जोडू नये. तो हीटर बाद करणेच शहाणपणाचे आहे.

विस्तार कार्यकर्त्याने हिवाळी पिकाच्या भेटीत तापमापकाआधी हीटर पाहावा. त्यासाठी एक सोपी चाचणी पुरेशी आहे. हीटर काही वेळ पेटता ठेवून सिलिंडरची झडप बंद करावी आणि ज्योत विझू द्यावी. साधारण मिनिटभरात सुरक्षा झडप मिटल्याचा ‘टक्’ आवाज ऐकू यायला हवा. तो आला नाही, तर त्या रात्री तो हीटर पेटवू नये आणि जाणकार गॅस तंत्रज्ञाला बोलवावे. संगोपनगृहाच्या नोंदवहीत तापमान आणि आर्द्रतेचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी ज्योत-सुरक्षा आणि वायुवीजन असे आणखी दोन रकाने आखायला खर्च येत नाही. थंडीने पीक आठवडाभर लांबले, तर नुकसान पुढच्या पिकात भरून काढता येते. संगोपनगृहात झोपलेल्या माणसाच्या बाबतीत तशी सवलत नाही.