मोजणीच्या दिवशी ती कुठे असते?



गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावची एक भगिनी आमच्या केंद्रात आली. नवऱ्याच्या माघारी राहते घर तिच्या आणि दोन सज्ञान मुलांच्या नावावर झाले होते. कर्ज फेडायला घर विकायला काढले. इसार घेतला, करारनामा झाला आणि त्यात जुन्या खरेदीखतातले क्षेत्र जसेच्या तसे उतरवले गेले. शेजारीच राहणारे दीर म्हणाले, "घरातल्या घरात मोजणी कशाला?" तिनेही मान डोलावली. पुढे घेणाऱ्याच्या आग्रहाने मोजणी झाली, तेव्हा कळले की दिरांची नवी भिंत तिच्या परसात तीन फूट आत आली आहे. घेणाऱ्याने तेवढी किंमत कापली. वर 'बाईने फसवले' असा बोभाटा झाला तो वेगळाच.

मालमत्तेवर बाईचे नाव लागावे म्हणून आपण पुष्कळ झगडलो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातले २३वे कलम आठवते ना? घरातले पुरुष वारस वाटण्या करीत नाहीत तोवर मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. ते २००५ साली गेले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला होता. पण कागदावरचे क्षेत्र जमिनीवर तेवढेच आहे का, हे नुसते नाव लागून कळत नाही. त्याला मोजणीच लागते, आणि मोजणी हे अजून पुरुषांचे काम समजले जाते. भूकरमापक येतो, हद्दीवर दीर, जावई, शेजारी उभे राहतात, बाई आत चहाचे आधण ठेवते. खरे तर ते परस वीस वर्षे तिने झाडलेले असते. जुने कुंपण कुठे होते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तेव्हा घर विकायचे ठरले की इसार घेण्याआधी मोजणी करा. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे जातो. आता तो ऑनलाइनही भरता येतो. पण तो करता येतो ज्याचे नाव अभिलेखावर आहे त्यालाच. म्हणून आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड नीट पाहा. पुष्कळ ठिकाणी भाऊ भोगवटादार होतात आणि बहिणीचे किंवा आईचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेले असते. अगदी वारसनोंदच झाली नसेल, तर मोजणीची नोटीससुद्धा तिच्या हाती पडत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. त्यावर विसंबू नका.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, एकट्या नको, गटातली एखादी बरोबर घ्या. पंचनामा असो की जबाब, वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही. नंतर 'क' प्रत मिळते. त्या नकाशात अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवतात. दोन्हींत फरक दिसला तर तिथेच विचारा. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. एक मात्र लक्षात घ्या, मोजणीने हद्द कळते, मालकी ठरत नाही, आणि शेजाऱ्याची भिंतही आपोआप हटत नाही. ती हटवायची की तेवढी जागा सोडून विकायचे, हे घर विकणारीने ठरवायचे. पण घेणाऱ्यापासून लपवू नये. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५वे कलम मिळकतीतला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावरच टाकते.

आणि दलाल 'गुंठा' म्हणतो तेव्हा कान टवकारा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, सातबारावरचा आर सुमारे १०७६ चौरस फुटांचा. हिशेब कशात चाललाय ते विचारून घ्या.

आपापल्या गटात किती जणींनी स्वतःच्या घराचा मोजणी नकाशा डोळ्यांनी पाहिला आहे, ते पुढच्या अंकाआधी आम्हाला कळवा.