रक्तात नाही, पीटीच्या तासात आहे!

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की आमच्या कट्ट्यावर एक वाक्य ठरलेलं असतं. "इथिओपियावाल्यांचं काय सांगता, त्यांच्या रक्तातच आहे!" 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं तिथला हायले लेमी जिंकला. 2016 ची बोस्टन मॅरेथॉनही त्याचीच. झालं, चहा संपला, विषय संपला.

स्पष्टच बोलतो, हे वाक्य म्हणजे आपली पळवाट आहे.

इथिओपियात बेकोजी नावाचं लहानसं गाव आहे. देरार्तू तुलू, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा हे ऑलिंपिक विजेते त्याच भागातले. गाव साधारण 2800 मीटर उंचीवर. आपलं कळसूबाईचं शिखर 1646 मीटर. विरळ हवेचा फायदा होतो, मान्य. पण तेवढ्या उंचीवर तिथं इतरही गावं आहेत. मग बेकोजीच का? कारण तिथल्या शाळेत सेंतायेहू एशेतू नावाचे पीटीचे मास्तर होते. कोणतं पोर वेगळं पळतंय हे त्यांनी हेरलं आणि त्याला पळायला शिकवलं. दिबाबा 2003 मध्ये 5000 मीटरची जगज्जेती झाली, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती.

आता आपल्याकडं बघा. नगरहून रेल्वेनं आष्टीला जाता येतं. त्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. लहानपणी शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल पायपीट. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. शर्यतीत उतरला तो 2015 च्या सुमारास, विशी ओलांडल्यावर! तरी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदात रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं फक्त 0.05 सेकंदानं. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होतं. पुढं आशियाई स्पर्धेत सुवर्णही घेतलं.

म्हणजे रक्त आपल्याकडंही आहे. साबळे सापडला तो सैन्याला. तो भरतीत निवडला गेला नसता तर? सांगा, कुणाला सापडला असता?

पहाटे पाचला नगर-दौंड रोडला या. अंधारात, ट्रकच्या लाईटमध्ये भरतीची पोरं पळताना दिसतील. सगळी फक्त "सोळाशे" मारतात. पोलीस भरतीला 1600 मीटर, अग्निवीरला 1600 मीटर. मीही त्यातलाच. थोडक्या सेकंदांनी टायमिंग हुकलं, पुढं वय गेलं, बूट माळ्यावर गेले. माझ्यासोबत एक पोरगा होता. सोळाशेत मागं राहायचा, पण आम्ही दमून बसल्यावरही दहा किलोमीटर त्याच चालीनं पळायचा. त्याला कुणी सांगितलंच नाही की बाबा, तुझी शर्यत वेगळी आहे. आज तो ट्रॅक्टर चालवतो. काम वाईट नाही, पण त्याचं पळणं वाया गेलं ना?

आमच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला पोर्शन. तुमच्याकडं वेगळं होतं का?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. शाळेला मैदान हवं, आणि सहावी ते आठवीला 100 च्या वर पोरं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा, असं त्यात लिहिलंय. मी नवीन काही मागत नाही. कायद्यात आहे तेवढं द्या.

आणि नुसतं सरकारला बोलून भागणार नाही. यात्रेत कुस्त्यांच्या हगाम्याला आपण हौसेनं वर्गणी काढतो. काढावीच, ती आपली परंपरा आहे. पण त्याच यात्रेत पोरापोरींची पाच किलोमीटरची शर्यत का नाही? खर्च काय? रस्ता तासभर बंद करायचा, एक स्टॉपवॉच, एक वही. दरवर्षीचं टायमिंग त्या वहीत लिहा. तीन वर्षांत कळेल गावात कोण आहे ते.

पुढच्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा: आपल्या शाळेत पीटी कोण घेतं? मैदान कुठंय?

उत्तर काय मिळालं ते गावाच्या नावासकट खाली लिहा. नाहीतर पुढच्या जानेवारीत पुन्हा कट्ट्यावर बसू आणि म्हणू, त्यांच्या रक्तातच आहे!