विद्यार्थ्याच्या लेखनाला वाली कोण?

विद्यापीठाच्या आवारालगत टंकलेखनाची दुकाने असतात. पूर्वी तेथे टंकयंत्रांची टकटक ऐकू येई, आता संगणक आले आहेत. लघुप्रबंध आणि प्रबंध सादर करण्याचे दिवस जवळ आले की या दुकानांत झुंबड उडते. टंकलेखनाबरोबर तेथे भाषेची 'दुरुस्ती' होते आणि विस्कळीत वाक्ये सरळ करून मिळतात. काही ठिकाणी तर जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला एखादे प्रकरणच लिहून मिळते. हे सारे मार्गदर्शक प्राध्यापकांच्या कानांवर नसते असे नाही. पण विद्यार्थ्याने लेखनासाठी मदत मागावी अशी दुसरी जागा विद्यापीठात नसल्यामुळे तो दुकानाची पायरी चढतो, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी नियम केले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले गेले. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावयाचा, आणि ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द. नियम हवेच होते. तथापि, दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत कसा मांडावा आणि त्याचे ऋण कसे नोंदवावे, हे ज्याला कधी शिकविलेच नाही त्याच्या हाती केवळ टक्केवारी ठेवल्याने काय साधणार? मग टक्केवारी उतरवून देण्याचाही धंदा सुरू होतो. शब्दाला प्रतिशब्द घालून परिच्छेद असा काही बदलला जातो की मूळ लेखकाला तो ओळखता येऊ नये आणि विद्यार्थ्याला स्वतःला समजू नये!

अमेरिकेतील विद्यापीठांनी या प्रश्नावर काढलेला मार्ग नवा नाही. आयोवा विद्यापीठात १९३४ सालीच लेखनाची 'प्रयोगशाळा' निघाली होती. आरंभीच्या अशा केंद्रांपैकी काहींना 'चिकित्सालय' असेही म्हणत. त्या नावातच तेथे येणारा विद्यार्थी रोगी आहे, असे गृहीत होते. ही दृष्टी बदलण्यास १९७० नंतरच्या घडामोडी पुष्कळशा कारणीभूत झाल्या. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेशाचे दार उघडले. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी कोणी चढले नव्हते अशी हजारो मुले वर्गात आली आणि त्यांचे निबंध पाहून प्राध्यापक हवालदिल झाले. मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने मात्र अशा सुमारे ४,००० उत्तरपत्रिका बारकाईने अभ्यासल्या. त्यांतून १९७७ साली सिद्ध झालेल्या ग्रंथात तिने दाखवून दिले की या चुका आळसातून किंवा मठ्ठपणातून होत नाहीत. प्रत्येक चुकीमागे विद्यार्थ्याचे काही एक तर्कशास्त्र असते, आणि ते शोधून काढणे हे शिक्षकाचे काम आहे.

मराठीच्या शिक्षकांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार 'कवी' आणि 'गुरू' हे शब्द दीर्घान्त लिहावयाचे, परंतु समासात मात्र 'कविसंमेलन' आणि 'गुरुदक्षिणा' असे ऱ्हस्व ठेवावयाचे. जो विद्यार्थी 'गुरूदक्षिणा' लिहितो त्याने नियम धुडकावलेला नसतो. शिकलेला नियम त्याने अपवादाच्या जागीही प्रामाणिकपणे लावलेला असतो. तांबड्या शाईच्या वर्तुळाने त्याला यातले काहीच कळत नाही. हीच गोष्ट वाक्यरचनेची. 'सर्वेक्षण करण्यात आले', 'निष्कर्ष काढण्यात आले' अशा वाक्यांनी आपले लघुप्रबंध भरून वाहतात, कारण विद्वत्तेची भाषा म्हणजे शासकीय परिपत्रकाची भाषा, अशी मुलांची समजूत झालेली आहे. घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारा मुलगा तर प्रमाण मराठीला आधीच बिचकून असतो. आपले वाक्य चुकेल या भीतीने तो दुसऱ्याचे वाक्य उचलतो. ज्याला आपण चौर्य म्हणतो त्याचा काही भाग तरी या भीतीतून येतो, असे आमचे मत आहे.

पर्ड्यू विद्यापीठात म्युरिएल हॅरिस यांनी १९७६ साली लेखनकेंद्र उभारले. त्याच्या संकेतस्थळाचा आधार आज आपले संशोधकही संदर्भसूचीसाठी घेतात. पण संकेतस्थळ हे त्या कामाचे केवळ एक अंग झाले. खरे काम टेबलाशी चालते. विद्यार्थी वेळ ठरवून येतो आणि शिक्षकाने दिलेला प्रश्न व आपला कच्चा खर्डा बरोबर आणतो. समोर बसणारा बहुधा त्याच विद्यापीठातला, थोडा पुढच्या वर्गातला विद्यार्थी असतो. अर्धा-पाऊण तास दोघे बोलतात. खर्डा मोठ्याने वाचला जातो, आणि वाचणारा अडखळतो तेथेच अनेकदा दोष सापडतो. पहिला प्रश्न व्याकरणाचा नसतो. 'तुला येथे नेमके काय म्हणावयाचे आहे?' हा असतो. मुद्दा ठरला, क्रम लागला की मग ऱ्हस्व-दीर्घाकडे वळावयाचे. लेखणी मात्र सर्व वेळ ज्याची त्याच्याच हाती राहते. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात सहकाऱ्यांवर चिडून हेच सांगितले होते. केंद्र हे मोडलेले निबंध सांधून देण्याचे दुकान नव्हे. तेथे बदल घडावयाचा तो लिहिणाऱ्यात.

विद्यार्थ्याला मदत दिली की परीक्षेचा अर्थच उरत नाही, असा आक्षेप येईल. परंतु प्रश्न विचारणे आणि लिहून देणे यांतील अंतर फार मोठे आहे. दुकानात वाक्य विकत मिळते, येथे ते ज्याचे त्यालाच घडवावे लागते. 'हे शाळेचे काम आहे' हा दुसरा आक्षेप. ते आहेच, पण शाळेने ते केले नाही म्हणून विद्यापीठानेही हात झटकावेत, याला काय म्हणावे? २०२२ च्या अखेरीपासून चॅट जीपीटीसारखी साधने आली आणि आता माणूस हवा कशाला, असेही विचारले जाऊ लागले आहे. यंत्र मागितल्याबरोबर सफाईदार मजकूर पुढे करते. ते विद्यार्थ्याला अडवून प्रश्न विचारीत नाही, निदान तसे सांगितल्याशिवाय तरी नाही. आणि तसे सांगावे हे ज्याला सुचते, त्याला अर्धे लेखन आधीच साधलेले असते.

आपल्याकडे सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या काही खाजगी संस्थांनी अशी केंद्रे चालविली आहेत. तेथील शुल्क ज्यांना परवडते त्यांना ही सोय मिळावी आणि जिल्ह्याच्या गावी मराठी माध्यमातून एम.ए. करणाऱ्या मुलीने टंकलेखकाच्या कृपेवर राहावे, ही विषमता डोळ्यांत भरणारी आहे. त्यासाठी नवी इमारत नको. ग्रंथालयातील एक खोली आणि दोन-तीन टेबले पुरतील. मदतनीस आणावयाचे कोठून, हा प्रश्नही महाराष्ट्राला पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'ची परंपरा येथेच रुजविली. त्या योजनेतील मुले कार्यालयात नोंदवह्या लिहितात, बागेला पाणी घालतात. त्यांतील ज्यांना चांगले लिहिता येते त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन धाकट्या विद्यार्थ्यांच्या खर्ड्यांपाशी बसवावे, त्यांचे तास मोजावेत आणि मोबदला द्यावा.

अडचण येईल ती प्राध्यापकांच्या कार्यभाराची. या मदतनिसांना तयार करणारा आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवणारा एक तरी अनुभवी अध्यापक लागेल. त्याचे हे तास अध्यापनाचे तास म्हणून कार्यभाराच्या तक्त्यात धरले गेले नाहीत, तर पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरताच खोलीला कुलूप लागेल. विद्यापीठांच्या विद्यापरिषदांना या बाबतीत ठराव करता येण्याजोगा आहे, आणि तो जूनमध्ये वर्ग सुरू होण्याआधी व्हावयास हवा.