होळकरांचे प्रारब्ध

इंदूरला गेलो की मुक्काम आत्याकडेच. राजवाड्यामागच्या गल्लीत तिचे घर. या खेपेस घरात कोणी मोकळेपणी बोलत नव्हते. आतेभावाचा मुलगा इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा मागे पडला होता. "त्याच्या प्रारब्धातच नाही," आत्या म्हणाली. तो शेजारीच बसून ऐकत होता.

संध्याकाळी त्याला घेऊन राजवाड्यासमोर जाऊन बसलो. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीतूनही दर्शनी भाग वाचला. मास्तरकीची खोड जात नाही, त्यामुळे गाडी होळकरांच्या राजचिन्हावर आली.

राजचिन्हाचा साचा विलायती. मध्ये ढाल, दोन्ही बाजूंना प्राणी, खाली ब्रीदाची पट्टी. १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी संस्थानिकांना अशा चिन्हांची निशाणे वाटली. पण होळकरांच्या साच्यात इंग्रजांचा सिंह आणि एकशिंगी घोडा नाही, जेजुरी आहे! घोडा खंडोबाचा, नंदी शंकराचा, आणि खंडोबा हा शंकराचाच अवतार. सूर्यही परका नव्हे, मार्तंड म्हणजे सूर्यच. जुन्या होळकरी रुपयावर चेहऱ्याचा सूर्य आणि तांब्याच्या नाण्यावर बसलेला नंदी दिसतो, तो याच घरचा. मूळपुरुषाचे नावच मल्हारराव.

खालचे ब्रीद संस्कृत आहे: 'प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्'. संधी सोडवला की 'प्राह उमेशः', म्हणजे शंकर सांगतो. अहिल्याबाईंचे हुकूम 'श्रीशंकर' या नावाने सुटत, तेव्हा इथे शंकराने बोलावे हे साजेसेच. काय सांगतो? कर्त्याला प्रारब्धातून लक्ष्मी मिळते.

"म्हणजे आजीचंच खरं," पोरगा म्हणाला.

आपण मराठी माणसे इथेच फसतो. प्रारब्ध म्हटले की आपल्याला नशीब दिसते. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ 'आरंभलेले'. आपला 'प्रारंभ' त्याच धातूचा. सगळे नशिबावरच असते तर ब्रीदात 'कर्ता' कशाला आला असता? अर्थात, आरंभले की मिळतेच, असे काही मी त्याला सांगितले नाही. खुद्द होळकरांचे संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, हे आजीला तुम्हीच सांगा."

रात्री जेवताना सांगितले. आत्याने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. म्हणाली, "तुझं संस्कृत राहू दे. फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे, ते बघ आधी."