शोधनिबंध? तोही तुम्ही!

बालदोस्तांनो, ‘शोधनिबंध’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? जाड भिंगाचा चष्मा, पिकलेले केस नि पुस्तकांचा ढीग, हो ना? पण इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी चक्क शोधनिबंध लिहिला! २०१० च्या डिसेंबरात तो रॉयल सोसायटीच्या ‘बायोलॉजी लेटर्स’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केला. बो लोटो हे शास्त्रज्ञ मदतीला होते. पण भाषा मुलांची आणि आकृत्याही त्यांनीच रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या.

शोधनिबंधाचे चार मुख्य भाग असतात. त्यांच्याच उदाहरणाने ते पाहू या.

पहिला भाग प्रश्नाचा. ‘मधमाश्यांची माहिती’ हा प्रश्न नव्हे, तो नुसता विषय झाला! मुलांचा प्रश्न नेमका होता : बंबल-बी (ही मधमाशीची गुबगुबीत, केसाळ चुलतबहीण बरं का!) फूल निवडताना नुसता रंग बघते, की शेजारी कोणते रंग आहेत तेही बघते?

दुसरा भाग कृतीचा. काय केलं ते असं लिहायचं, की वाचणाऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करता यावा. मुलांनी ६४ रंगीत गोलांची ‘फुलं’ केली. १६-१६ फुलांचे चार चौकोन. दोन चौकोनांत मधली चार निळी आणि कडेची बारा पिवळी. उरलेल्या दोनांत नेमकं उलटं. साखरपाणी फक्त मधल्या फुलांत, कडेच्या फुलांत मिठाचं पाणी! माश्या ओळखू याव्यात म्हणून त्यांना फ्रीजमध्ये थोडं गार करून अंगावर रंगाचे ठिपके दिले. हेसुद्धा निबंधात लिहिलंय.

तिसरा भाग निरीक्षणांचा. जे दिसलं तेच आणि तेवढंच लिहायचं. साखरपाणी काढून घेतलं तरी माश्या बहुतेक वेळा मधल्या फुलांवरच गेल्या. मग मुलांनी मधली फुलं हिरवी केली. आता मात्र माश्यांचा मधल्या फुलांकडचा ओढा कमी झाला.

चौथा भाग अर्थाचा. म्हणजे माश्या नुसतं ‘मध्ये जा’ एवढंच शिकल्या नव्हत्या. रंग आणि त्यांची मांडणी दोन्ही वापरत होत्या, असं मुलांनी मांडलं.

आणि सारांश? तो छापतात सगळ्यात वर, पण लिहावा सगळ्यात शेवटी. गोष्ट पुरी झाल्याशिवाय ती थोडक्यात कशी सांगणार?

एक मात्र या निबंधात नव्हतं, ते म्हणजे आधीच्या संशोधनाचे संदर्भ. ते लेखन मुलांना समजण्याजोगं नव्हतं. म्हणून त्याच नियतकालिकात जाणत्या शास्त्रज्ञांनी वेगळं टिपण लिहून ती बाजू सांभाळली. आपण मात्र कुठून काय घेतलं ते लिहायचंच. पुस्तकातलं असो, आजीने सांगितलेलं असो, नाव द्यायचं. नाहीतर ती चोरीच की!

मुलांनो, आपल्याकडे प्रकल्प म्हणजे दुकानातून चित्रं आणायची, चिकटवायची आणि खाली मजकूर उतरवून काढायचा, असं फार होतं. वही सुंदर दिसते, पण त्यात तुमचा प्रश्न कुठे असतो? त्यापेक्षा अंगणात गूळ, साखर आणि मीठ एक-एक चमचा ठेवा. दर पाच मिनिटांनी कशावर किती मुंग्या आल्या ते मोजा. हेच तीन दिवस, एकाच वेळी करा. ठरवलं होतं त्याच्या उलटं घडलं, तर खाडाखोड करून ते ‘बरोबर’ करू नका. जे घडलं, तेच खरं उत्तर. एखादे दिवशी मुंग्या आल्याच नाहीत, तर तेही लिहा!

मग, पहिला प्रश्न कोणता घेताय?