आराखड्याचा धनी कोण?

अकोट्याहून दांडिया बाजारला जायचे तर विश्वामित्रीवरचा पूल ओलांडावा लागतो. त्याचे मूळ नकाशे आज कुठे आहेत, मागची तपासणी कधी झाली, कोणी केली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हे प्रश्न आपण कधी विचारलेच नाहीत.

९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्यात महीसागरवरचा गंभीरा पूल कोसळला आणि वीसहून अधिक माणसे गेली. पूल १९८५ सालचा, म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांचा. खांबावरचे आधार आणि सांधे चिरडल्याने गाळा पडला, असे प्राथमिक चौकशीत सांगितले गेले. असे भाग एका रात्रीत खराब होत नाहीत. कोणता भाग आधी झिजेल, तो कितीदा पाहायचा, कधी बदलायचा, हे आराखड्याबरोबरच लिहून ठेवावे लागते. बदली होऊन येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या हाती ते कागद पडावे लागतात. आपल्याकडे मात्र फीत कापली की आराखडा बासनात जातो!

बडोद्याला याहून चांगली रीत ठाऊक होती. लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. १८८१ साली काम अर्ध्यावर असतानाच ते वारले. तेव्हा सयाजीराव महाराजांच्या दरबाराने रॉबर्ट चिझम यांच्यासारखा जाणकार नेमला आणि १८९० साली वाडा पुरा झाला. आखणारा गेला, पण आराखडा पोरका झाला नाही. त्याच १८९० साली महाराजांनी कलाभवन काढले, ते येथल्या मुलांनी ही विद्या शिकावी म्हणून.

आज एक खाते नकाशा काढते, दुसरे निविदा काढते, ठेकेदार जागेवर फेरफार करतो आणि देखभाल तिसऱ्याच्या गळ्यात पडते. बिघडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. आराखडा पुरा होऊन त्रयस्थ तज्ज्ञाने तपासल्याशिवाय कामाचा हुकूम निघू नये. हे काम कलाभवनाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या विद्यापीठातील तंत्रशाखेकडे का देऊ नये? दुसरे, नंतरचा प्रत्येक बदल कारण, खर्च आणि एका जबाबदार इंजिनिअरच्या सहीनिशी नोंदला जावा. तिसरे, प्रत्यक्ष बांधले तसे नकाशे आणि तपासणीचे अहवाल नागरिकांना पाहता यावेत.

आपल्या घराघरांत निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी पुढे यावे. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. आपल्या वॉर्डातल्या एकेका पुलासाठी एकेक अर्ज करावा. मत मागायला दारात येणाऱ्या उमेदवाराला नवा पूल कधी, हे जरूर विचारा. पण त्याआधी जुन्या पुलाचा अहवाल कुठे आहे, हे विचारा.